शुक्रवारची रात्र, शेवटची पाळी

सलाला, १ सप्टेंबर

झुवैना आत्या, सलाम.

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी तीन पानं मला शिव्या आणि एक पान काम. प्रमाण नेहमीचंच आहे, तेव्हा घरी सगळं ठीक असणार.

काम समजलं. मुहन्ना मास्तरांनी, अल्ला त्यांना जन्नत देवो, डोंगरातून येणाऱ्या आपल्या फलजच्या पाटाच्या पाळ्या संगणकात भरल्या. नंतर मास्तर गेले, जुनी वही वाळवीने खाल्ली. आता ते नवं पाण्याचं कार्यालय म्हणतंय, यादी आमच्या नमुन्यात बसवून द्या, एक नोव्हेंबरला शिक्का बसेल, मग तीच खरी. म्हणजे तुझी लिंबाची तीस झाडं जगणार की वाळणार हे त्या यादीवर. आणि कारभारी हमूद म्हणतो, मस्कतहून माणूस आणावा लागेल.

आत्या, भाचा जिवंत असताना मस्कतचा माणूस? मी इथे कंपनीत संगणक विभागात आहे. सातवीत शाळा सोडली म्हणून काय झालं, संगणकाने माझ्याकडे कधी दाखला मागितला नाही.

मसऊदच्या गाडीतून नारळाचं पोतं पाठवलंय. त्यात हलव्याचा डबा आहे आणि डब्यात पेनड्राइव्ह. हलवा तुझा, पेनड्राइव्ह संगणकाचा. उलट करू नकोस.

त्यात एक प्रोग्राम आहे. त्याला गिरणी समज. एका बाजूने मास्तरांच्या पाळ्या ओतायच्या, दुसऱ्या बाजूने कार्यालयाचा नमुना पडतो. पण गिरणीला आधी सांगावं लागतं की धान्य कुठल्या कोठारात आहे. म्हणून ती विचारेल: कोठाराचा प्रकार कोणता, पत्ता काय, नाव काय, किल्ली कोणाकडे. पत्त्याच्या जागी localhost असं लिही, म्हणजे ‘बाहेर कुठे शोधू नकोस, इथेच घरात आहे’. कोठाराचं नाव falaj. वापरणाऱ्याचं नाव muhanna. पासवर्ड तुला माहीत असेलच, बायको आहेस. मग ‘जोडणी तपासा’ दाब. हिरवी खूण आली की जिंकलो. बाकी मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

फोनच केला असता, पण रेंज बुरुजावर आणि संगणक तळघरात. शिवाय तूच म्हणतेस, फोनवर माझं खोटं ऐकू येत नाही, कागदावर दिसतं. घे कागद.

आणि हो, माझा पाण्याचा अर्धा तास माझ्या नावावर नीट दिसतो का तेवढं बघ. सहज विचारतोय.

तुझा बरगश

---

हैल, शुक्रवारची रात्र, ५ सप्टेंबर

बरगश,

हलवा पोचला. तुझ्या संगणक विभागाच्या पत्राला माशाचा वास येतो. असो, आमच्याकडे समुद्र नाही म्हणून आमची नाकं तिखट असतील.

मास्तरांचा संगणक उघडला. त्यावर मी भरतकाम केलेलं फडकं होतं, ते हमूदने काढलं आणि नाक पुसायला घेतलं. हो, हमूद रोज येतो. फलजचा कारभारी या नात्याने देखरेख करतो म्हणे. देखरेख म्हणजे माझी कॉफी पिणं आणि मसऊदला ‘सरक’ म्हणणं. हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो. परवा विचारत होता, मास्तरीणबाई, या वयात एवढी तीस झाडं झेपतात का तुम्हाला. मी म्हटलं, झाडं झेपतात, पाहुणे झेपत नाहीत.

तू सांगितलंस तसं सगळं लिहिलं. खूण दाबली. लाल. खाली इंग्रजीत एक ओळ आली. आमच्यात इंग्रजीचा विद्वान मसऊदच. त्याने ओळ वाचली आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, “आत्याबाई, हे म्हणतंय ड्रायव्हर सापडत नाही.” हा शब्द त्याच्या लायसन्सवर आहे, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. त्याला खुर्चीवर बसवला, लायसन्स पडद्यासमोर धरायला लावलं. तरी लाल. हमूद म्हणाला, मुदत संपली असेल.

मग पासवर्ड. आधीच सांगते, माझ्या नावाने उघडत नाही. माझं नाव उलटं लिहूनही नाही. आमच्या लग्नाचं वर्ष, तेही नाही. बत्तीस वर्षं त्या माणसाला जेवायला घातलं. कोणाचं नाव घातलंय त्याने? तुला माहीत असेल तर सांग. मी रागावणार नाही. म्हणजे तुझ्यावर.

आणि तू ‘सहज’ कधी काही विचारलेलं मला तरी आठवत नाही.

झुवैना

---

सलाला, ८ सप्टेंबर

आत्या, सलाम.

मसऊदला खुर्चीवरून उठव. तो ड्रायव्हर वेगळा. कोठारांच्या जाती अनेक, आणि प्रत्येक जातीचं कुलूप उघडायला गिरणीला एक छोटी फाइल लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती पाठवायला मी विसरलो. आज पाठवतोय, पेनड्राइव्ह डब्यात आहे, हलवा नाही, पगाराला अवकाश आहे. फाइल गिरणीच्या फोल्डरमध्ये टाक, गिरणी बंद करून परत उघड.

पासवर्डचं सांगतो. दहा वर्षांचा असताना मी मास्तरांच्या शेजारी बसायचो, ते एका बोटाने टाइप करायचे आणि एकेक अक्षर पुटपुटायचे. बाई नाही ग त्यात. उलट तुला आनंदच होईल. पासवर्ड आहे: हमूद-गाढव-१२. बारा म्हणजे माणसांच्या तक्त्यात हमूदचा नंबर.

हेही समजून घे, पुढे लागेल. मास्तरांनी सगळं एका पानावर भरलेलं नाही. माणसांचा तक्ता वेगळा, दिवसाच्या पाळ्यांचा वेगळा, रात्रीच्या पाळ्यांचा वेगळा. पाळीसमोर नाव नसतं, नंबर असतो. त्या नंबराने माणूस शोधायचा. गिरणीला हे नातं दाखवावं लागतं: इकडचा नंबर तिकडच्या नंबराला जोड. रेघ ओढायची, बस. तू चौदा नंबर, मी एकतीस.

पासवर्ड टाइप करताना हमूदला कॉफी प्यायला बाहेर बसव.

बरगश

---

हैल, शुक्रवारची रात्र, १२ सप्टेंबर

बरगश,

हमूद बाहेर बसला नाही. तो म्हणाला, फलजची किल्ली कारभाऱ्याच्या हजेरीतच फिरली पाहिजे, आणि पासवर्ड मला तोंडी सांगितला पाहिजे, मागाहून कटकट नको. मी दोनदा म्हटलं, राहू द्या. तिसऱ्यांदा सांगितला.

मसऊद खोकत खोकत अंगणात गेला. शेवटी हमूद म्हणाला, “आणि बारा?”

“तुमचा नंबर,” मी म्हटलं. “गावात हमूद तीन आहेत. मास्तरांना घोळ चालत नसे.”

हिरवी खूण आली, मुला! बत्तीस वर्षांत त्या माणसाने मला इतकं हसवलं नव्हतं, आणि आता हसवलं तर सोबत हसायला तो नाही.

तक्ते पाहिले. माणसं एकीकडे, पाण्याचा वाटा दुसरीकडे, मध्ये नुसते नंबर, आणि कोणाचं कोणाशी नातं आहे ते बाहेरच्या माणसाने रेघ ओढून सांगायचं. यात नवीन काय आहे? आपलं घराणं असंच चालतं. रेघा ओढल्या. तुझं नाव अर्ध्या तासासमोर आलं, खुशाल झोप.

आता एकच अडलंय. गिरणी विचारते, दिवस कधी सुरू होतो? चौकटीत तिने स्वतःच ००:०० लिहून ठेवलंय. दिवस सूर्य बुडाला की, मगरिबच्या अजानीला सुरू होतो, हे माझ्या बकरीलाही माहीत आहे. पण तू बजावलंस की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणून विचारते. काय लिहू?

झुवैना

---

सलाला, १५ सप्टेंबर

आत्या,

घाईत आहे. ००:०० राहू दे! संगणकाचा दिवस रात्री बाराला बदलतो, सगळ्या जगात. इथे बाराला भोंगा वाजतो, पाळी बदलते, तारीख बदलते. बकऱ्यांना विचारून संगणक चालत नसतात. ओके दाब, यादी छापून हमूदला दे आणि मोकळी हो.

बरगश

---

सलाला, २९ सप्टेंबर

आत्या,

दोन शनिवार गेले, मसऊद रिकाम्या हातांनी आला. विचारलं तर म्हणतो, मला काही माहीत नाही, मी ड्रायव्हर आहे, तोही सापडत नाही असला. यादी लागली का? चांगली झाली असेल तर चांगली झाली असं तरी लिही. तुझ्या तोंडून दोन गोड शब्द निघाले तर पावसाळा लांबणार नाही काही.

बरगश

---

हैल, ४ ऑक्टोबर, शनिवार सकाळ

बरगश,

यादी लागली. मशिदीच्या भिंतीवर, काचेच्या मागे. या महिन्यात तीन आठवडे चालवून बघायची, मग शिक्का.

काल शुक्रवारी पहाटे, फजरच्या आधी मी फावडं घेऊन दारं धरायला गेले. माझा एक तास, शुक्रवारच्या रात्रीची शेवटची पाळी, माझ्या लग्नात मेहेर म्हणून मिळालेली. तिला लागून तुझा अर्धा तास, शुक्रवारच्या दिवसाची पहिली. मध्ये फक्त सूर्य उगवतो. जाऊन बघते तर हमूद माझ्या आधी हजर, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात कागद.

“हमूद, दारं मोडा. माझी पाळी.”

“मास्तरीणबाई, यादी बघा. गुरुवारची रात्र, शेवटची पाळी. हमूद.”

“गुरुवारची रात्र काल फजरला संपली.”

“तुमच्या भाच्याच्या यंत्रात ती अजून चालू आहे.”

आलं लक्षात? आपली रात्र दिवसाच्या आधी येते. गुरुवारी मगरिब झाली की शुक्रवारची रात्र लागते, ती सरली की शुक्रवारचा दिवस. मास्तरांनी तसंच लिहिलं होतं, कारण ते माणसांसाठी लिहीत होते. तुझ्या गिरणीने गावातल्या साऱ्या रात्री उचलल्या आणि दिवसांच्या मागे नेऊन ठेवल्या. दिवस जागच्या जागी राहिले. ज्यांची बाग पाटाच्या तोंडाशी, त्यांना काय, एक दिवस इकडे नाहीतर तिकडे. माझी बाग शेपटाला.

हमूदचं झालं, मग सूर्य उगवला आणि तुझा अर्धा तास आला, एकटाच. पाट आठवडाभर तापलेला. पाणी निघालं आणि पाटानेच पिऊन टाकलं. पहिल्या झाडाच्या आळ्यापर्यंत ओली रेघसुद्धा पोचली नाही. आज शनिवारी फजरला माझा तास आला, तोही एकटा. अकरा झाडं भिजली. एकोणीस नाहीत. मी आताच त्यांच्यामधून आले, पानं हाताला कागदासारखी लागतात.

बकरीला विचारायला हवं होतं.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. मी हमूदला म्हटलं, यादी बदलावी लागेल. तर तो म्हणतो, बदला की, तसाही भाच्याचा अर्धा तास आता माझा होणार. खिशातून कागद काढला. खाली तुझी सही, ईदची तारीख. त्याच्या मेहुण्याच्या नावेत तुला वाटा, त्याबदल्यात शिक्का बसला की तुझी पाळी त्याला. आता कळलं ते ‘सहज’ काय होतं.

तुझं आहे, तू दे. मला विचारायची गरज नव्हती. एवढंच सांग: तुझ्या बापाने आणि मास्तरांनी खटपट करून त्या दोन पाळ्या शेजारी का लावून घेतल्या होत्या, हे तुला ठाऊक होतं का?

झुवैना

---

सलाला, बुधवारची रात्र, ८ ऑक्टोबर (इथल्या भोंग्याप्रमाणे अजून मंगळवारच आहे)

आत्या,

ठाऊक होतं म्हणालो तर नीच ठरतो, नव्हतं म्हणालो तर गाढव. गाढव लिही.

मला वाटायचं, अर्धा तास पाणी म्हणजे अर्धा तास पाणी. कुठेही ओता. तुझा तास पाट भिजवतो आणि माझा अर्धा तास झाडं गाठतो, हे मी लहानपणी रोज पाहिलंय, फावड्याच्या दांड्यावर बसून. पाहिलं आणि त्यातून काहीच शिकलो नाही. शाळेतही हेच झालं होतं.

आता बाकीचंही सांगतो, नाहीतरी तुझ्या नाकाने अर्धं वाचलेलंच आहे. मी संगणक विभागात नाही. बंदरावर बर्फाच्या कारखान्यात आहे, लाद्या ओढतो. संगणक तिथल्या मलबारी कारकुनाचा, शिबूचा. त्याला चहा पाजून मी गिरणी शिकलो. त्याने मला हजार गोष्टी सांगितल्या, दिवस मगरिबला बदलतो हीच तेवढी त्याला माहीत नव्हती. मला माहीत होती आणि मी विसरलो. दोन वर्षं भोंग्यावर उठतो, बसतो, जेवतो. लाद्यांचा कंटाळा आला म्हणून नाव हवी होती. तुला ठाऊकच आहे, मला कुठेही सहा महिने झाले की तळपाय खाजायला लागतात.

यादी अशी दुरुस्त कर. गिरणी उघड, जोडणी तीच. ‘दिवस कधी सुरू होतो’ तिथे १८:०० लिही. खरं तर मगरिब रोज सरकते, पण गिरणीला सूर्य कळत नाही, तिला आकडाच लागतो. म्हणून पाळ्यांसमोर घड्याळाची वेळ छापूच नकोस. वेळेच्या रकान्यावरची खूण काढ आणि पाळीच्या क्रमांकावर ठेव: पहिली, दुसरी, शेवटची. क्रम कागद सांगेल, वेळ सूर्य सांगेल. मग छापण्याआधी एकच गोष्ट बघ. चौदा आणि एकतीस शेजारी आहेत का. असतील तर सगळं गाव बरोबर.

हमूदचं. सोबत दुसरा कागद जोडलाय, सहीनिशी, शिबू साक्षीदार. तो हमूदच्या हातात दे. त्यात लिहिलंय: पहिला कागद मला मान्य आहे, मी शब्द फिरवत नाही. पण माझा अर्धा तास आणि माझ्या आत्याचा तास वाडवडिलांनी जोडून ठेवलेत, ते सुटे होत नाहीत. जो माझा अर्धा तास घेईल त्याने आत्याचा तास, आत्याची बाग, बकरी आणि खुद्द आत्या, सगळं सन्मानाने घरी न्यावं. हमूद विधुर आहे, कायद्याने अडचण नाही. बघू किती शूर आहे.

एकोणीस झाडांचं काय झालं, ते लिही. शिव्या नंतर दे.

बरगश

---

हैल, रविवारची रात्र, १९ ऑक्टोबर

बरगश,

तुझा कागद यायच्या आधीच मी १८:०० लिहून टाकलं होतं. मी काय सलालाहून परवानगी यायची वाट बघत झाडं मारणार होते? वेळेचा रकाना मात्र मला सुचला नव्हता. माझ्या पहिल्या छापात गिरणीने तास मगरिबपासून मोजले, फजरची पाळी दुपारी साडेअकराला पडली होती, आणि बाजूच्या सालिमाने भर उन्हात येऊन माझ्या दारात फावडं आपटलं. तुझ्या पत्रानंतर ती खूण काढली. मग चौदाखाली एकतीस आला. ती दोन नावं एकाखाली एक बघून मी कॉफी गाळायला गेले. डोळ्यांत धूर जातो अशावेळी.

परवा शुक्रवारी फजरला माझा तास आला. पाट आधी फुसफुसला, मग काळा झाला, मग चालायला लागला. तिसावं झाड गाठायला सूर्य उगवून तुझे शेवटचे थेंब लागले. एकोणिसांपैकी तीन गेली. सोळांना पालवी आहे. तीन खड्डे मी बुजवलेले नाहीत. त्यांत रोपं तू येऊन लावायची आहेत, कोणाच्या हातून पाठवायची नाहीत.

हमूदला कागद दिला. माझ्या ओट्यावर बसून त्याने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हळूच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “कॉफी आणखी घ्या, आता घरचेच तुम्ही.” कप तसाच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी नावेचा कागद परत करायला आला तो उंबऱ्याच्या बाहेरूनच, हात लांब करून. काल रस्त्यात दिसला तर पाट ओलांडून पलीकडून गेला. नवी यादी त्याने न वाचताच भिंतीवर लावली. आज गावाने तोंडी मान्य केली, शिक्क्याला अडचण नाही.

मसऊदबरोबर वाळलेल्या लिंबांची पिशवी पाठवतेय. अर्धी त्या शिबूला दे. त्याला सांग, दिवस कधी सुरू होतो ते माझ्या भाच्याला पुन्हा एकदा विचार.

एक राहिलं. हमूदने हात जोडले, म्हणाला, काहीही करा, पण तो पासवर्ड बदला, पुढच्या वर्षी कार्यालयाचा माणूस येईल त्याच्यासमोर मी काय सांगू? विधुराची दया आली. बदलला. नवा त्याला तोंडी सांगितला, तर माणूस इतका हसला की पडता पडता राहिला. म्हणाला, हा मी मशिदीच्या पायरीवरून ओरडून सांगेन.

तुलाही माहीत असावा. बरगश-गाढव-३१.

झुवैना